वाट सर्वांची

वेगाची ओढ मनुष्याला उपजतच असते. मूल चालावयास शिकले की चारच दिवसांत ते धावू पाहते. दोन मुले शाळेच्या वाटेवर एकत्र आली म्हणजे पुढच्या वडापर्यंत आधी कोण पोहोचतो, अशी पैज लागल्यावाचून राहत नाही. ही ओढ वाईट नव्हे. तिच्याचमुळे मनुष्याने घोडा माणसाळविला, चाकाला आरे बसविले, आगगाडी रुळांवर आणि विमान आकाशात नेले. बीड जिल्ह्यातील मांडवा ह्या लहानशा गावच्या अविनाश साबळे ह्याने ३००० मीटर स्टीपलचेस ह्या शर्यतीत २०२२ साली बर्मिंगहॅम येथील राष्ट्रकुल क्रीडास्पर्धांत रौप्यपदक आणि २०२३ साली हांगझोऊ येथील आशियाई क्रीडास्पर्धांत सुवर्णपदक मिळविले. तेव्हा मराठवाड्यातील घराघरांत आनंद झाला. वेगाची पूजा बांधावी असे हे प्रसंग आहेत. तेव्हा शर्यत चांगली की वाईट, हा प्रश्नच नाही. शर्यत कोठे लावावी, आणि ती लावताना पणाला कोणाचा जीव लागतो, हा खरा प्रश्न आहे.

छत्रपती संभाजीनगर शहराच्या पश्चिमेला छावणी मागे टाकली म्हणजे पडेगाव लागते. तेथून पुढे मिटमिटा, शरणापूर, मग दौलताबादचा किल्ला, त्यापलीकडे खुलताबाद आणि वेरूळची लेणी, असा हा रस्ता जातो. ह्या एकाच रस्त्यावर किती प्रकारची माणसे चालतात ते पाहण्यासारखे आहे. लेणी पाहावयास निघालेल्या प्रवाशांच्या मोटारी असतात. एस. टी.च्या गाड्या असतात. दुधाच्या किटल्या लावलेल्या मोटारसायकली असतात, भाजीपाल्याचे टेम्पो असतात, उसाने भरलेले ट्रॅक्टर असतात. सकाळी पाठीला दप्तर लावून रस्ता ओलांडणारी मुले असतात. रुग्णाला घेऊन ‘घाटी’ रुग्णालयाकडे धावणारी रुग्णवाहिकाही ह्याच रस्त्याने येते. हनुमान जयंतीच्या आदल्या रात्री आणि श्रावणातल्या शनिवारी खुलताबादच्या भद्रा मारुतीच्या दर्शनाला शहरातून भाविकांचे थवेच्या थवे पायी निघतात. त्यांत म्हातारे असतात, लेकुरवाळ्या बायका असतात, अनवाणी चालणारी मुले असतात. रात्रभर हा रस्ता माणसांनी फुललेला असतो.

अशा रस्त्याला सार्वजनिक रस्ता म्हणतात. सार्वजनिक म्हणजे सर्व जनांचा. हा शब्द रोज कानांवर पडतो, म्हणून त्याचा अर्थ कोणी फारसा मनावर घेत नाही. रस्ता बांधण्यास जो पैसा लागतो तो सर्वांनी भरलेल्या करांतून येतो. मोटारीचा मालक कर भरतो, तशी दुकानातून साबणाची वडी विकत घेणारी म्हातारीही आपल्या परीने कर भरतच असते. म्हणून रस्त्यावर मोटारवाल्याचा जेवढा हक्क, तेवढाच त्या म्हातारीचा. ज्याची गाडी मोठी त्याचा वाटा मोठा, असा हिशेब रस्त्याच्या बाबतीत चालत नाही.

रस्ता डांबराने आणि खडीने बांधला जातो हे खरे. पण तो चालतो परस्परांच्या विश्वासावर. डाव्या बाजूने जाणारा मनुष्य समोरून येणाऱ्याला जणू एक वचन देत असतो, की तो आपली बाजू सोडणार नाही. समोरून येणाराही त्याला तेच वचन देतो. दोघांची ओळख नसते, भाषाही कदाचित एक नसते. तरी दोघेही ते वचन पाळतात आणि सुखरूप घरी पोहोचतात. दिवसभरात अशी लक्षावधी वचने दिली जातात आणि पाळली जातात. रस्त्यावर चोरून शर्यत लावणारा मनुष्य प्रथम हे वचन मोडतो. इतर सर्वांनी ते पाळावे, म्हणजे त्याला वाट मोकळी मिळेल, अशी मात्र त्याची अपेक्षा असते. इतरांच्या शिस्तीचा फायदा घ्यावा आणि स्वतः शिस्त पाळू नये, ह्या वागण्याला न्यायाचे म्हणता येणार नाही.

असले प्रकार आज केवळ गोष्टींत राहिलेले नाहीत. मुंबईसारख्या शहरात मध्यरात्रीनंतर मोठ्या रस्त्यांवर मोटारसायकलींच्या शर्यती लावणाऱ्या तरुणांवर पोलिसांना वेळोवेळी कारवाई करावी लागली आहे. पैजेसाठी, हौसेसाठी किंवा केवळ मित्रांनी डिवचले म्हणून ही मुले जमतात. ती सारीच दुष्ट असतात असे नाही. त्यांतला एखादा घरी आईला पाणी भरू लागत असेल, एखादा आजारी शेजाऱ्याला दवाखान्यात नेत असेल. पण चांगला मुलगाही चुकीचे कृत्य करू शकतो. आणि कृत्य चुकीचे का, हे त्याला समजावून सांगणे त्याला नुसती दूषणे देण्यापेक्षा अधिक उपयोगाचे असते.

ते समजण्यासाठी कुस्तीचे उदाहरण घ्यावे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावचे खाशाबा जाधव ह्यांनी १९५२ साली हेलसिंकी येथील ऑलिंपिकमध्ये कुस्तीत कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताला एकट्या खेळाडूने मिळवून दिलेले ते पहिले ऑलिंपिक पदक होते. कुस्तीत एक मल्ल दुसऱ्याला उचलून आपटतो. कधी हात मुरगळतो, कधी हाडही मोडते. तरी कुस्तीला कोणी मारामारी म्हणत नाही. ह्याचे कारण असे, की दोघेही मल्ल आपण होऊन आखाड्यात उतरलेले असतात, दोघांनी सलामी दिलेली असते, दोघांना नियम ठाऊक असतात आणि निवाडा करण्यास पंच उभा असतो. तोच मल्ल जर भर बाजारात गेला आणि भाजीची पिशवी घेऊन चाललेल्या गृहस्थाला पाठीमागून धरून त्याच डावाने त्याने चीत केले, तर त्याला कोणी हिंदकेसरी म्हणणार नाही. डाव तोच, ताकद तीच. पण त्या गृहस्थाने सलामी दिलेली नव्हती. रस्त्यावर शर्यत लावणाऱ्यांनी परस्परांना सलामी दिलेली असेल. परंतु दूधवाल्याने दिलेली नसते, शाळकरी मुलाने दिलेली नसते, भद्रा मारुतीला निघालेल्या आजीनेही दिलेली नसते. त्यांना न विचारताच त्यांना आखाड्यात ओढले जाते.

महाराष्ट्राने ह्याच प्रकारचा एक प्रश्न बैलगाडा शर्यतींच्या बाबतीत अनुभवला आहे. खेड्यापाड्यांतील ही जुनी आवड. परंतु शर्यतीत बैलांना क्लेश होतात, आणि मुक्या प्राण्याला नको म्हणता येत नाही, असा आक्षेप निघाला. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी ह्या शर्यतींना मनाई केली. पुढे राज्याने कायद्यात बदल केला. १६ डिसेंबर २०२१ रोजी न्यायालयाने अटी घालून शर्यतींना परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायाधीशांच्या पीठाने तो बदललेला कायदा ग्राह्य मानला. ह्या निकालांविषयी लोकांची मते वेगवेगळी असतील. परंतु एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. जो बोलू शकत नाही त्याला शर्यतीत ओढावे की नाही, ह्यावर देशातील सर्वांत मोठ्या न्यायालयाने नऊ वर्षे विचार केला. बैलाच्या संमतीचा जेथे इतका विचार होतो, तेथे रस्त्याने जाणाऱ्या माणसाच्या संमतीचा विचार मुळीच होऊ नये, हे कसे योग्य ठरेल?

शर्यत लावणारा म्हणतो, “जीव आमचा आहे, तो धोक्यात घालण्याचा आम्हांला अधिकार आहे. भित्र्यांनी घरी बसावे.” ह्या बोलण्यात पराक्रमाचा आव असतो, म्हणून लहान मुलांना ते आवडण्याचा संभव असतो. त्याचा विचार नीट केला पाहिजे. मराठीत ‘जिवावर उदार होणे’ असा एक सुंदर वाक्प्रचार आहे. १६६० साली पन्हाळ्याहून विशाळगडाकडे जाताना बाजीप्रभू देशपांडे घोडखिंडीत उभे राहिले. शिवाजी महाराज सुखरूप गडावर पोहोचावेत म्हणून ते स्वतःच्या जिवावर उदार झाले, आणि त्या खिंडीचे नाव पावनखिंड झाले. त्यांनी धोका पत्करला तो स्वतःवर, आणि पत्करला तो दुसऱ्याला वाचविण्यासाठी. रस्त्यावर शर्यत लावणारा ह्याच्या उलट करतो. तो कोणाला वाचवीत नाही आणि धोकाही एकट्यावर घेत नाही. तो दुसऱ्याच्या जिवावर उदार होतो. शब्द जवळजवळ तेच आहेत. पण पहिल्या वाक्प्रचारात शौर्य आहे आणि दुसऱ्यात निष्काळजीपणा आहे. शिवाय जीव आपल्या एकट्याचा असतो, हेही पुरते खरे नव्हे. मुलगा घरी येईपर्यंत दाराशी बसून राहणाऱ्या आईचाही त्यावर काही हक्क असतोच.

दुसरा म्हणतो, “आमचा हात तयार आहे, ऐन वेळी ब्रेक लावता येतो.” येथे अभिमान बाजूला ठेवून थोडे गणित करावे. समोर संकट दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत सावध मनुष्यालाही सुमारे एक सेकंद लागतो. तेवढ्या वेळात ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी जवळजवळ १७ मीटर पुढे जाते. ब्रेक लागल्यावर, रस्ता कोरडा आणि टायर चांगले असले तर, ती आणखी सुमारे २० मीटर जाऊन थांबते. म्हणजे एकूण ३७ मीटर झाले. आता वेग दुप्पट, म्हणजे ताशी १२० किलोमीटर करावा. पुष्कळांना वाटते, की अंतरही दुप्पट होईल. तसे होत नाही. वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यानंतरचे अंतर चौपट होते. पहिल्या एका सेकंदात गाडी ३३ मीटर जाते आणि त्यानंतर सुमारे ८० मीटर घसटत जाते. एकूण ११३ मीटर होतात. आणि एवढे अंतर एका मोठ्या फुटबॉल मैदानाच्या लांबीहूनही अधिक आहे.

ह्या गणिताचा अर्थ रस्त्यावर कसा होतो तेही पाहावे. पुढे ४० मीटरवर बिनादिव्याचा एक ट्रॅक्टर उभा आहे असे समजू. ताशी ६० किलोमीटर वेगाने येणारा चालक त्याच्या थोडा अलीकडे थांबतो, कपाळावरचा घाम पुसतो आणि घरी जातो. ताशी १२० किलोमीटर वेगाने येणाऱ्याचा पाय ब्रेकवर पडतो तेव्हा ४० पैकी ३३ मीटर संपलेले असतात. उरलेल्या ७ मीटरांत त्याचा वेग जेमतेम पाच-सहा किलोमीटरांनी कमी होतो. तो ट्रॅक्टरवर आदळतो तो ताशी ११४ किलोमीटर वेगानेच. येथे त्याचा तयार हात काय करणार? हाताला जे करावयाचे ते करण्यापूर्वीच अंतर संपलेले असते. आणि रात्री मोटारीच्या खाली झुकविलेल्या दिव्याचा उजेड साधारण ४०-५० मीटरच पडतो. म्हणजे अशा वेगाने जाणारा मनुष्य डोळे उघडे असूनही पुढचे न पाहताच धावत असतो. कौशल्याने निसर्गाचे नियम वाकत नाहीत. खरा कुशल चालक ते नियम ओळखून आपला वेग ठरवितो.

तिसरा म्हणतो, “रात्री रस्ता मोकळा असतो.” पण रस्ता मोकळा दिसतो तो शर्यत लावणाऱ्याच्या डोळ्यांना. वाळूजच्या कारखान्यातून रात्रपाळी संपवून घरी जाणारा कामगार तेव्हाच रस्त्यावर असतो. पहाटेचा बाजार गाठण्यासाठी शेतकरी तेव्हाच निघतो. रुग्णाला दुखणे रात्री-अपरात्रीच उठते. कोणाच्या वाट्याला दिवस आणि कोणाच्या वाट्याला रात्र येते, हे बहुधा त्याच्या कामावर ठरते. आणि रात्री काम करणारे बहुधा गरीब असतात. म्हणून ‘रात्री कोणी नसते’ असे म्हणणे म्हणजे त्या माणसांना कोणीच न समजणे होय. शहराच्या उत्तरेकडून नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग जातो. ७०१ किलोमीटर लांबीच्या ह्या महामार्गाचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. तो इतका रुंद आणि सरळ असूनही तेथे मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे आणि मोटारसायकलींना प्रवेश नाही. रस्ता कितीही मोठा झाला तरी तो प्रवासासाठीच असतो.

चौथे म्हणणे अधिक फसवे आहे. “आजवर इतक्या वेळा शर्यत लावली, कोणाला साधे खरचटलेसुद्धा नाही. मग अपराध कोणता?” समजा, एखाद्याने भर यात्रेत डोळे मिटून दगड भिरकावला आणि तो कोणालाच लागला नाही. तेवढ्याने तो निरपराध ठरत नाही. तो फक्त नशीबवान ठरतो. दगड लागला असता तर जे कृत्य वाईट ठरले असते, ते दगड न लागल्यानेही वाईटच राहते, कारण फेकणाऱ्याने दोन्ही वेळी सारखीच बेपर्वाई केलेली असते. नशिबाला पुण्य समजणे ही मोठी चूक आहे. तीच मनुष्याला पुनःपुन्हा त्याच वाटेने नेते, आणि एके दिवशी नशीब पाठ फिरविते.

ते कसे पाठ फिरविते हे महाराष्ट्राने १९ मे २०२४ रोजी पाहिले. त्या दिवशी उत्तररात्री पुण्याच्या कल्याणीनगर भागात एका भरधाव मोटारीने मोटारसायकलीला धडक दिली आणि संगणक-क्षेत्रात काम करणारे एक तरुण व एक तरुणी जागीच गतप्राण झाली. मोटार चालविणारा मुलगा सतरा वर्षांचा होता, असे पोलिसांनी सांगितले. ती शर्यत नव्हती. पण रात्र, वेग आणि अपुरे वय ह्या तीन गोष्टी तेथे एकत्र आल्या होत्या. त्या मुलाला प्रथम जामीन देताना अपघातांविषयी ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याची अट घालण्यात आली, आणि ती ऐकून सर्वत्र संताप उसळला. दोन जिवांची भरपाई तीनशे शब्दांनी कशी व्हावी, असे लोकांनी विचारले. त्यांचे म्हणणे रास्त होते. निबंधाची जागा शाळेत असते. अपघातापूर्वी जो विचार मनात रुजतो तो एखादा जीव वाचवू शकतो. अपघातानंतर लिहिलेला उत्तमातला उत्तम निबंधही मेलेल्या माणसाला उठवू शकत नाही.

मोटारींच्या जगाला हे शहाणपण फार मोठी किंमत देऊन मिळाले आहे. मे १९०३ मध्ये फ्रान्समधील पॅरिसपासून स्पेनमधील माद्रिदपर्यंत मोटारींची शर्यत निघाली. ती सार्वजनिक रस्त्यांवरूनच होती. दोनशेहून अधिक गाड्या सुटल्या. त्यांतल्या काहींचा वेग ताशी १०० किलोमीटरहून अधिक होता. कच्च्या रस्त्यांवरून धुळीचे लोट उठले आणि चालकांना पुढचे दिसेना. रस्त्याच्या दोन्ही कडांना लोकांची दाटी झालेली होती. पहिल्याच दिवशी अपघातांमागून अपघात झाले. प्रसिद्ध मोटार-कारखानदार मार्सेल रेनो प्राणांतिक जखमी झाला. मेलेल्यांत प्रेक्षकही होते. अखेर बोर्दो शहरातच सरकारने शर्यत थांबविली. माद्रिदला कोणीच पोहोचले नाही. पुढे १९०७ साली इंग्लंडात ब्रुकलँड्स येथे खास शर्यतींसाठी बांधलेली धावपट्टी सुरू झाली. तरी काही ठिकाणी जुनी हौस चालूच राहिली. १२ मे १९५७ रोजी इटलीतील ‘मिले मिल्या’ ह्या रस्त्यावरच्या शर्यतीत एका मोटारीचा टायर फुटला आणि ती गर्दीत घुसली. चालक आणि त्याचा सोबती ह्यांच्यासह नऊ प्रेक्षक ठार झाले. त्यांत पाच मुले होती. त्यानंतर ती शर्यत पूर्वीच्या मोकाट वेगाच्या स्वरूपात कायमची बंद पडली. ज्या देशांनी मोटारींच्या शर्यतींना जन्म दिला, त्यांनीच त्या रस्त्यावरून उचलून मैदानात नेल्या, ही गोष्ट बोलकी आहे.

आता एक तक्रार उरते आणि ती खोटी नाही. तरुण विचारतात, “मैदानात जा म्हणता; पण मैदान आहे कोठे?” भारतात चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई येथे १९९० साली आणि दिल्लीजवळ ग्रेटर नोएडा येथे २०११ साली शर्यतीच्या धावपट्ट्या झाल्या, पण मराठवाड्यातल्या मुलाला त्या दूरच्या. आणि गंमत अशी, की मोटारसायकली व मोटारी तयार करणारे शहर म्हणून संभाजीनगराचे नाव आहे. वाळूजला १९८५ साली बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. शेंद्र्याला २००१ सालापासून स्कोडाच्या मोटारी जुळविल्या जाऊ लागल्या. ज्या शहरात हजारो हात चाके बसवितात, तेथील मुलांना चाकांचे वेड लागले तर नवल नाही. त्यांच्यासाठी कुंपण घातलेली, जाणत्या शिक्षकाच्या देखरेखीखालची, वैद्य आणि रुग्णवाहिका जवळ असलेली जागा असावी, ही मागणी योग्यच आहे. नगरपालांनी आणि कारखानदारांनी ती मनावर घ्यावी. परंतु मागणी पुरी होईपर्यंत रस्ताच मैदान समजावा, हे मात्र योग्य नव्हे. गावात तालीम नाही म्हणून कोणी बाजारात कुस्ती खेळत नाही.

कायद्याचे म्हणणे ह्याहून वेगळे नाही. १९८८च्या मोटार वाहन कायद्याच्या १८९व्या कलमानुसार, राज्य सरकारच्या लेखी संमतीवाचून सार्वजनिक जागी मोटारगाड्यांची शर्यत किंवा वेगाची चाचणी करणे हा गुन्हा आहे. आणि ती होऊ देणाराही गुन्हेगार ठरतो. २०१९ साली ह्या कायद्यात बदल झाला. तेव्हापासून पहिल्या अपराधाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. पुन्हा तोच अपराध केल्यास कैद एक वर्षापर्यंत आणि दंड १०,००० रुपयांपर्यंत होऊ शकतो. अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी देऊन अपराध घडला, तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड सांगितला आहे. त्या मुलाला मग वयाची २५ वर्षे पूर्ण होईपर्यंत परवाना मिळत नाही. मुलाच्या हट्टापुढे नमून किल्ली देणारे वडील त्याच्यावर प्रेम करतात, असे त्यांना वाटते. पण वेळेआधी दिलेली किल्ली म्हणजे लाड नव्हे. ज्या हाताने ती दिली त्याच हाताला पुढे जन्मभर ती सलत राहते.

मात्र केवळ दंडाच्या भीतीने जो नियम पाळला जातो, तो पोलीस दिसेनासा झाला की मोडला जातो. म्हणून ह्या प्रश्नाचे उत्तर शेवटी माणसांच्या मनातच शोधले पाहिजे. शर्यत लावणाऱ्याला खरे बळ मिळते ते पाहणाऱ्यांच्या डोळ्यांतून. कडेला उभे राहून टाळ्या पिटणारी पोरे नसतील, मोबाईलवर चित्रे टिपून ती चोहोकडे पाठविणारे हात नसतील, तर पुष्कळ शर्यती सुरूच होणार नाहीत. सहावी-सातवीतल्या मुलाच्या हाती गाडी नसते, हे खरे. पण टाळी त्याच्या हाती असते. ती न वाजविणे त्याला शक्य आहे. शर्यतीच्या गाडीवर मागे बसण्यास नाही म्हणणे शक्य आहे. थोरला भाऊ रात्री अशा घोळक्यात जातो हे कळल्यावर ते आईवडिलांच्या कानांवर घालणे शक्य आहे. त्याला कोणी चुगली म्हणेल. परंतु ज्या चुगलीने भाऊ जिवंत घरी राहतो, ती चुगली नसून माया असते.

२०२२ ह्या एका वर्षात भारतात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मरण पावली. म्हणजे दररोज सरासरी ४६० हून अधिक. सरकारी नोंदीनुसार ह्यांतले दर दहा मृत्यूंपैकी सात मर्यादेबाहेरच्या वेगामुळे घडले. ही सारी माणसे शर्यतीत मेली नाहीत. परंतु ‘थोडा वेग वाढविला तर काय बिघडते’ ही जी वृत्ती शर्यतीत उघडपणे दिसते, तीच त्यांतल्या पुष्कळ अपघातांच्या मुळाशी असते. ह्या आकड्यांतला प्रत्येक जण कोणाची तरी आई होता, कोणाचा तरी मुलगा होता, कोणाचा तरी वर्गमित्र होता. त्या दिवशी संध्याकाळी त्याची वाट पाहणारे कोणीतरी होतेच.

वेग हे मनुष्याने मिळविलेले एक सामर्थ्य आहे. प्रत्येक सामर्थ्याबरोबर एक जबाबदारी येते. ते वापरताना त्याची झळ कोणाला लागेल, हे आधी पाहावे लागते. चुलीतला अग्नी अन्न शिजवितो. तोच छपरावर गेला की घर जाळतो. म्हणून कोणी अग्नीचा त्याग करीत नाही. त्याला चुलीत ठेवतात. वेगालाही त्याची चूल पाहिजे. जो तरुण आपली गाडी मैदानात नेईल, डोक्याला शिरस्त्राण बांधील, पंचाचा निर्णय मानील आणि शर्यत संपल्यावर त्याच गाडीवरून सावकाश, डाव्या बाजूने, पादचाऱ्याला वाट देत घरी परतेल, त्याला खुशाल वीर म्हणावे. रस्त्यावर मात्र पहिला येण्याला काहीच किंमत नाही. तेथे निघालेले सर्व जण सुखरूप पोहोचले, तरच तो प्रवास यशस्वी झाला असे म्हणावयाचे.